कॅमेऱ्यावरचं झबलं

बाळाचं झबलं वर करून त्या बाईने कमरेवरच्या निळ्या डागाकडे बोट केलं आणि विचारलं, हे कोणी केलं?

सून सोफ्याच्या कडेला बसली होती, बाळ तिच्या मांडीवर पालथं. मुलगा उभा होता. दाराशी एक पोलिस होता, बूट घालून, आमच्या गालिच्यावर. बाईच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र होतं. मुलांना त्यांच्या घरच्यांपासून वाचवायचं एक खातं आहे, तिथून ती आली होती. इथे घरची म्हणजे मी.

इंग्रजी मला येत नाही, पण तो प्रश्न कोणी समजावून सांगायच्या आधीच कळला. बोट कुठे आहे आणि डोळे कोणावर आहेत, एवढं पुरतं.

"जन्मापासून आहे," मी म्हणाले.

मुलगा ते इंग्रजीत सांगायला लागला तर बाईने हात वर केला. घरच्या माणसाने भाषांतर करायचं नाही, असा त्यांचा नियम. तिने फोन लावून टेबलावर ठेवला आणि त्यातून एक मुलगी मराठीत बोलायला लागली. अमेरिकेच्या कुठल्या कोपऱ्यात बसली होती कोण जाणे.

"नमस्कार आजी. मी दुभाषी. तुम्ही जे बोलाल ते सगळं मी जसंच्या तसं सांगणार. काही गाळणार नाही."

"बरं आहे," मी म्हणाले. "या पोलिसाला बूट काढायला सांग."

तिने सांगितलं. पोलिसाने खाली पाहिलं आणि तो पायपुसण्यावर सरकला. बूट पायातच राहिले.

मग बाई सावकाश बोलली आणि मुलगी तिच्या मागोमाग. डाग मार लागल्यासारखा दिसतो. शुक्रवारची संध्याकाळ आहे, तुमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झालाय. सोमवारपर्यंत खात्याला धोका पत्करता येत नाही. तेव्हा आजींनी आजच्या आज हे घर सोडावं आणि बाळाच्या जवळ येऊ नये. ते जमत नसेल तर बाळाला दुसऱ्या घरी ठेवावं लागेल. ते घर खातं ठरवेल.

शेवटी मुलीचा आवाज बारीक झाला होता. पण तिने गाळलं काही नाही.

सुनेने बाळाला उचलून छातीशी धरलं. मुलगा माझ्याकडे बघायचा थांबला आणि गालिच्याकडे बघायला लागला. तो काय हिशेब करतोय ते मला दिसत होतं. त्याचे इथे कायम राहायचे कागद सरकारच्या टेबलावर पडून होते, आणि त्याच सरकारची बाई आमच्या सोफ्यासमोर उभी होती.

हे सगळं एका कॅमेऱ्यामुळे झालं, म्हणून आधी कॅमेऱ्याचं सांगते.

आम्ही अमेरिकेत बॉथेल नावाच्या गावात राहतो. मुलगा नागपूरहून नोकरीच्या व्हिसावर इथे आला. त्याची कंपनी लोकांचे फोटो आणि लिहिलेलं आपल्याकडे ठेवून घेते आणि लोक त्याबद्दल तिचे आभार मानतात. सून औषधांच्या प्रयोगशाळेत आहे. बाळ होणार म्हणून त्यांनी मला बोलावलं.

विमानतळावर सरकारने माझ्या सगळ्या बोटांचे ठसे मागितले. मशीनला ते सापडेनात. आयुष्यभर राखेने भांडी घासली, ठसे राहतील कुठे? अधिकाऱ्याने माझी बोटं पुसली, मशीन पुसलं, बोटं दाबून पाहिली. शेवटी चेहऱ्याचा फोटो काढून सोडलं. म्हणजे मी कोण ते सरकारला नक्की माहीत नाही, पण दिसते कशी ते माहीत आहे.

घरी आले तर स्वयंपाकघरात एक डबी. ती बोलते. एकदा मी नागपूरला धाकट्या बहिणीला फोनवर म्हणाले की गुडघे धरलेत. दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या फोनवर गुडघ्याचे पट्टे, गुडघ्याचं तेल, गुडघे बदलून देणारे डॉक्टर.

"आई, कोइन्सिडन्स आहे," मुलगा म्हणाला. "ती डबी ऐकत नाही. फक्त तिचं नाव घेतलं तरच जागी होते."

"नाव घेतलं ते तिला झोपेत कसं कळतं?"

"जाऊ दे ना आई, ते टेक्निकल आहे."

मी जाऊ दिलं.

सुनेचा एक नियम होता. बाळाचे फोटो कोणालाही पाठवायचे नाहीत. "आई, प्लीज. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. एकदा बाहेर गेला की तो कुठे जाईल सांगता येत नाही. तिची प्रायव्हसी आहे." बाळाच्या पाळण्यावर छताला तिने कॅमेरा लावून घेतला होता. तो बाळाला रात्रंदिवस बघायचा आणि बघितलेलं कॅमेऱ्याच्या कंपनीकडे पाठवायचा. त्याला तो नियम लागू नव्हता. तो नातेवाईक नव्हता.

सून कामावर जायला लागल्यावर दिवसभर बाळ आणि मी. कॅमेऱ्यातून ती ऑफिसात बसून बाळाला बघायची, त्याला माझी हरकत नव्हती. हरकत एवढीच की मी त्याच खोलीत झोपते आणि लुगडंही तिथेच बदलते. डोक्यावर डोळा उघडा असताना कोण बाई लुगडं बदलेल?

"आई, ते एन्क्रिप्टेड असतं," मुलगा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणालाच दिसत नाही."

"मग लावलाय कशाला?"

तो हसला आणि कामाला बसला. मी माझ्यापुरता उपाय केला. रोज आंघोळ करून आले की स्टुलावर चढायचं आणि बाळाचं एक झबलं कॅमेऱ्यावर घालून नाडी बांधायची. डोकं त्याचंही बाळाएवढंच आहे, झबलं बरोबर बसायचं. मग लुगडं नेसायचं. ते झालं की बाळाची मालिश, आणि मग झबलं काढायचं. कधी विसरले तर छतातून सुनेचा आवाज यायचा, "आई, झबलं." माझी आई वरून हाक मारतेय असं पहिल्यांदा वाटलं. सवय झाली.

मालिश म्हणजे पाय लांब करून बसायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, खोबरेल तेल कोमट करून अंगभर चोळायचं, हातपाय एकमेकांवर दुमडायचे. बाळ रडतं. आमच्याकडे सगळी बाळं रडली, मुलगाही रडला, आणि त्याची हाडं चांगली आहेत. दिवसभर खुर्चीत बसून असतो, तरी चांगली आहेत.

त्या दिवशी बाळाला सर्दी होती. नाक वाजत होतं. मालिश झाल्यावर मी धुरी द्यायची ठरवली. सामान घरात होतं. देशी दुकानात मुलगा डाळ-तांदूळ घ्यायला गेला होता तेव्हा मला गोवऱ्या दिसल्या. प्लास्टिकच्या पाकिटात, लेबल लावलेल्या. लेबलावर काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर मुलगा म्हणाला, "खाण्यासाठी नाही, असं लिहिलंय." ते विकणाऱ्याने कोणाला बघून लिहिलं असेल याचा मी बराच विचार केला.

गोवरीचा तुकडा गॅसवर पेटवून वाटीत ठेवला, वर ओवा आणि लसणाची सालं टाकली, खिडकी उघडली, बाळाला दुरूनच धूर दाखवला. धूर दाखवायचा असतो, कोंडायचा नसतो. पण छताला कॅमेऱ्याशेजारी धूर ओळखणारं एक दुसरं यंत्रही होतं. ते किंचाळायला लागलं. मी पदराने वारा घालून त्याला गप्प केलं. बाळाचं नाक मोकळं झालं, ते झोपलं. मी झबलं काढून खाली भात टाकायला गेले.

कॅमेऱ्याने काय पाहिलं ते मला नंतर कळलं. एक म्हातारी जवळ येते. मग अंधार. मग बाळाचं रडणं, बराच वेळ. मग आगीची घंटा. मग एकदम शांतता.

तसं पाहिलं तर वाईटच होतं. मीसुद्धा घाबरले असते.

कंपनीत कोणीतरी, किंवा माणूस नसलेलं काहीतरी, ते ऐकून घाबरलं. त्यांनी सरकारला कळवलं आणि मुलाचं खातं बंद करून टाकलं. खातं म्हणजे त्याची पत्रं, त्याचे आणि सुनेचे सगळे फोटो, फोन, सगळं त्या एकाच कंपनीकडे होतं, कारण एका ठिकाणी असलेलं सोयीचं पडतं. बंद करणाऱ्यालाही सोयीचंच पडलं.

आमच्या वस्तीत मूल जास्त वेळ रडलं की शेजारीण दारात उभी राहायची. काय झालं वं, म्हणायची. मुलाला उचलून घ्यायची, पोट दाबून बघायची, चहा प्यायची आणि मग साऱ्या वस्तीत सांगत सुटायची. प्रायव्हसी नव्हतीच. पण ती आत यायची, आणि मूल रडत असतानाच यायची. इथे सकाळी रडलेल्या बाळासाठी सरकार संध्याकाळी आलं. खरंच कोणी मारत असतं तर तेवढ्या वेळात सगळं उरकून जेवणही झालं असतं.

तर, संध्याकाळ, सोफा, निळा डाग.

"हा धूर म्हणजे तुमची काही धार्मिक पूजा असते का?" दुभाषी मुलीने बाईचा प्रश्न सांगितला.

"नाही. आम्ही बौद्ध. पूजा नाही. सर्दी."

"आणि कॅमेरा का झाकला होता?"

"लुगडं बदलायचं होतं."

मुलीने ते सांगितलं. बाई माझ्याकडे पाहत राहिली. पोलिसाने छताकडे पाहिलं, खालच्या या खोलीत कॅमेरा नव्हता, तरी पाहिलं.

मुलाला एकदम आठवलं. "फोटो आहेत! हॉस्पिटलमधले. बाळाच्या जन्माचे. त्यात मार्क दिसेल." त्याने फोन काढला आणि त्याचा चेहरा उतरला. दुपारपासून तो फोन त्याला आत घेत नव्हता. पासवर्डची काहीतरी भानगड असेल असं तो समजत होता. त्याने समोर आलेलं वाचून दाखवलं. तुमचं खातं नियमभंगामुळे बंद करण्यात आलं आहे. तुमची प्रायव्हसी आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे.

मग त्याला हॉस्पिटलची नोंद आठवली. तीही फोनवरून उघडते. उघडायला एक आकडा लागतो. आकडा मुलाच्या ईमेलच्या पत्रपेटीत येतो. पत्रपेटी बंद. हॉस्पिटलला फोन लावला तर नोंदींची खिडकी सोमवारी उघडणार होती. साऱ्या अमेरिकेचं आमच्यावर लक्ष होतं, पण सोमवारपर्यंत कोणाला काही दिसणार नव्हतं.

बाई घड्याळाकडे न बघता थांबली होती, हे मी मान्य करते. मग तिने विचारलं, आजींना राहायला जवळ कोणी आहे का?

"धाकटीला फोन लाव," मी सुनेला म्हणाले.

"आई, नागपूरला? तिचा इथे काय उपयोग?"

"तिच्याकडे फोटो आहे. डागाचा."

सून माझ्याकडे वळली. "तिच्याकडे कसा?"

"मी पाठवला. दवाखान्यातूनच. दुसऱ्या दिवशी नर्स अंग पुसत होती तेव्हा दिसला, म्हणून तिला विचारलं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना! पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आई!"

"पहिल्या दिवशी डाग दिसला नव्हता."

टेबलावरून मुलगी हे सगळं इंग्रजीत सांगत चालली होती. सुनेचा रागही तिने रागातच सांगितला. बाईने ते लिहून घेतलं. माझ्यावर दुसरा गुन्हा लागला असं मी धरून चालले.

माझा फोन मुलाच्याच खात्यावर, म्हणून तोही मुका होता. सुनेचा वेगळा. तिने लावला. नागपुरात पहाट झाली होती. धाकटी चहा गाळत होती, गाळणी हातात घेऊनच पडद्यावर आली.

"काय झालं वं ताई? एवढ्या सकाळी? कोन गेलं?"

"कोणी गेलं नाही. बाळाच्या कमरेचा फोटो मी तुला पाठवला होता तो शोध."

"आता? कायले?"

"इथे सरकार आलंय. त्यांना वाटतं मी मारलं."

धाकटीने गाळणी खाली ठेवली. "तू? तू तं आपल्या बकरीलेही कधी मारलं नाही! मी मारत होती. कोन बाई हाय ते? दाखव मले."

सुनेने फोन फिरवला. धाकटीने बाईला नीट पाहून घेतलं.

"काय हो बाई, तुमच्या घरी म्हातारं मानूस नाही का कोनी? अन् तो दारात कोन उभा हाय, बूट घालून?"

"आजी," दुभाषी मुलगी मला हळूच म्हणाली, "हे पण सांगू?"

"तूच म्हणालीस, गाळणार नाही."

तिने सांगितलं. या वेळी पोलिस वाकला आणि त्याने बूट काढले. एक मोजा फाटका होता.

धाकटी फोटो शोधायला लागली. ती शोधते तेव्हा बोलत बोलत शोधते. "हे सुप्रभात. हे पन सुप्रभात. हे गुलाब. हे जावयानं पाठवलं, मधुमेहावर कारल्याचा रस. थांब, खूप खाली गेलं असंल. हे पुन्हा गुलाब." सुनेचा श्वास मला ऐकू येत होता. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला होता, लहानपणी परीक्षेच्या निकालाआधी बसायचा तसा. मी हातातली बांगडी फिरवत होते. घर सोडायचं म्हटलं तर पिशवीत काय भरायचं, लुगडी की बाळाच्या दुपट्यांतलं एखादं, असं काहीतरी डोक्यात चालू होतं. बाळाला दुसऱ्या घरी पाठवायचं नाही हे माझं ठरलं होतं. मी जाणार होते. कुठे ते माहीत नव्हतं. बॉथेलमध्ये मला देशी दुकान आणि टपालाची पेटी, एवढंच पायी गाठता येतं.

"सापडला!" धाकटी ओरडली. "हे घे."

सुनेच्या फोनवर फोटो आला. मऊ पांढरं कापड, त्यावर पालथं बाळ, कमरेवर तोच निळा डाग, तोच आकार, एका बाजूला शेपूट निघालेला. पायात हॉस्पिटलची पट्टी. फोटोच्या कोपऱ्यात काढल्याची तारीख छापलेली, आणि मागोमाग धाकटीने पाठवलेलं तिचं तेव्हाचं बोललेलं उत्तर. सुनेने ते लावलं. खोलीत धाकटीचा तेव्हाचा आवाज आला: "काही नाही व ताई, माझ्या थोरल्याले असाच होता, आपोआप जाते. डॉक्टरले विचारू नको, ते उगाच भेव घालतात."

बाईने फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, बाळाजवळ धरून पाहिला. मग धाकटीला विचारलं, तुमच्या मुलाचा डाग गेला का?

"गेला. आता चाळिशीचा हाय तो. डाग गेला, अक्कल नाही आली अजून."

मुलीने हेही सांगितलं, पण मधे तिचा आवाज हलला. बाईने तोंडावर हात धरून खोकल्यासारखं केलं. फोटो आपल्या वरिष्ठांना पाठवायला ती बाहेर ओसरीवर गेली. पोलिस आत आमच्याबरोबर नुसत्या मोज्यांवर उभा राहिला. धाकटी पडद्यावर होतीच. "ताई, तुले धरून नेऊन राहिले का?" तिने विचारलं. "अजून ठरलं नाही," मी म्हणाले. ती गार झालेला चहा प्यायली आणि थांबली.

बाई परत आली. बाळ इथेच राहील. आजीही राहतील. सोमवारी डॉक्टरांना दाखवायचं. धूर करायचा नाही.

"पुन्हा सर्दी झाली तर?"

"डॉक्टर," मुलीने सांगितलं.

मी मान हलवली. धुरीवर मी भांडले नाही. एका संध्याकाळी सगळंच जिंकायचं नसतं.

जाताना बाई मला काहीतरी म्हणाली. मुलीने सांगितलं, "त्या म्हणतात, आम्हाला कळवलं की आम्हाला यावंच लागतं." मी म्हणाले, "तू आलीस तरी. ज्यांनी कळवलं ते कुठे आलेत?" मुलगी म्हणाली, "काळजी घ्या आजी," आणि फोन बंद झाला. ते बाईचं भाषांतर नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांनी झबलं वर केलं, पाहिलं आणि खाली केलं. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतो, म्हणाले. चहाही निवला नसता एवढ्यात संपलं. पुढे खात्याचं पत्र आलं की चौकशी बंद केली. मुलाने डॉक्टरांचं पत्र आणि खात्याचं पत्र जोडून कॅमेऱ्याच्या कंपनीला लिहिलं. माणसाशी बोलायला नंबर नव्हता, म्हणून परत परत लिहिलं. उत्तर आलं की फेरविचार झाला आहे, निर्णय अंतिम आहे आणि आमच्या सेवेबद्दल आपलं मत पाच ताऱ्यांमध्ये द्या.

मुलगा एकदा जेवताना म्हणाला, "आमच्याकडेही असंच उत्तर पाठवतात. मी कधी वाचलं नव्हतं."

लग्नाचे फोटो गेले. बाळाचं पहिलं हसणं गेलं. सून एका रविवारी माझ्याशेजारी येऊन बसली.

"आई, तुम्ही बाळाचे अजून फोटो पाठवलेत का कोणाला?"

"का?"

"रागावणार नाही. खरं सांगा. कोणाकोणाला?"

"सगळ्यांना."

तिने फोन काढला. मग म्हणाली, "मागून घेऊ."

आले. नागपुरातून, वर्ध्यातून, माझ्या जावेकडून, जावेच्या विहिणीकडून, जिला मी कधी भेटलेलीही नाही. बाळाचं बारसं आलं, पहिलं हसणं आलं, माझ्या मांडीवरचं तेलकट बाळ आलं. धाकटीकडून आले ते गुलाबांसकट.

कॅमेरा मुलाने काढून गॅरेजमध्ये ठेवला. त्याची कंपनी अजून सुनेला कळवते की तुमचा कॅमेरा बंद आहे, तुम्हाला बाळाची काळजी वाटत असेल. डबी स्वयंपाकघरात आहे. तिच्यासमोर मी गुडघ्यांबद्दल बोलत नाही.

मधे व्हिसा संपला म्हणून मी नागपूरला राहून आले. बाळ आता चालतं आणि मला इंग्रजीत उत्तर देतं. डाग पुसट झालाय, नीट पाहिलं तरच दिसतो. त्या संध्याकाळी दोघींपैकी एकीने घर सोडायचं होतं. दोघी अजून त्याच खोलीत झोपतो, माझी नात आणि मी.